९० व्होल्ट देऊनही २एन२३६९ ट्रान्झिस्टर गप्प का बसतो, त्याची पार्श्वभूमी

मडगावला घरच्या टेबलावर यंदा ऐन पावसात एक फास्ट पल्स जनरेटर (क्षणात वर चढणारे विजेचे झटके देणारं सर्किट) जोडला, एक २एन२३६९, १ मेगओमचा रेझिस्टर, २ पिकोफॅरडचा कपॅसिटर, ९० व्होल्ट सप्लाय, एवढंच. पल्स काही येईना. तीन संध्याकाळी सोल्डर लावण्या-काढण्यात गेल्या, मग या सर्किटची कुळकथा शोधायला बसलो.

ट्रान्झिस्टरला झेपेल त्याहून जास्त व्होल्टेज दिलं की तो एकदम कोसळतो, म्हणजे त्यातून अचानक करंट धो धो वाहू लागतो, त्याला अ‍ॅव्हलांच म्हणतात. बेल लॅब्स या अमेरिकन प्रयोगशाळेच्या मिलर आणि एबर्स यांनी १९५५ मध्येच यावर लिहिलं होतं. पुढे स्कोप बनवणाऱ्या टेक्ट्रॉनिक्सने आपल्या पल्स जनरेटरांत दोन वाटा धरल्या, १०९ या मॉडेलमध्ये पाऱ्याचा रीड रिले (चुंबकाने मिटणारा स्विच), वाढीचा वेळ, म्हणजे पल्स खालून वर जायला लागणारा वेळ, पाव नॅनोसेकंदाच्या आत (रिलेने इतकं फास्ट, मला अजून पटत नाही), आणि १११ मध्ये अ‍ॅव्हलांच ट्रान्झिस्टर, अर्धा नॅनोसेकंद.

आपण घरी करतो ते सर्किट जिम विल्यम्स या इंजिनिअरने लिनिअर टेक्नॉलॉजी या चिप कंपनीच्या १९९१ च्या एका अ‍ॅप्लिकेशन नोटमधून घरोघरी नेलं, ३५० पिकोसेकंदात वर जाणारी पल्स, तीही स्वस्तातल्या ट्रान्झिस्टरातून. पण मेख तिथेच आहे. २एन२३६९ हा स्विचिंगसाठी बनलेला, डेटाशीटवर कलेक्टर-एमिटर या दोन पायांमधली मर्यादा १५ व्होल्ट, अ‍ॅव्हलांचची हमी कंपनी देतच नाही. विल्यम्सनेच मोटोरोला कंपनीचे ५० नग तपासले तर ८२ टक्केच चालले. म्हणजे निवडून घ्यायचा माल, बाजारातल्या बांगड्यासारखा, आणि आज त्याच नंबरचा वेगळ्या कारखान्यातला नग तसाच वागेल असं धरून चालू नका.

माझी दुसरी चूक त्याहून बावळट होती. पल्स येत नाही म्हणून मी कलेक्टरवर स्कोपचा (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राचा) १०:१ प्रोब लावून बघत बसलो. प्रोब १० मेगओमचा, वर १ मेगओम, म्हणजे ९० चे राहिले जेमतेम ८२ व्होल्ट, आणि प्रोबचे १० पिकोफॅरड सर्किटच्या त्या बिचाऱ्या २ पिकोफॅरडवर स्वार! असं बघायला गेल्यावर चांगला नगही कोसळला नसता. आउटपुट एमिटरच्या ५० ओम रेझिस्टरवरून, आखूड कोअ‍ॅक्सने घ्यायचं असतं. तिथेही १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर ३.५ नॅनोसेकंदच दिसणार, ते स्कोपचं दुखणं, सर्किटचं नव्हे.

प्रोब काढला तरी पहिले दोन नग मुकेच. आमच्याकडे जुलैत पापड दुपारपर्यंत मऊ पडतो, तर फ्लक्स (सोल्डरिंगची चिकट राळ) न पुसलेल्या बोर्डाचं काय, त्यातून १० मेगओमची गळती झाली तरी परत तेच ८२ व्होल्ट. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) घासून, हेअर ड्रायरने सुकवून, मित्राच्या जुन्या डब्यातला मेटल कॅनचा (धातूच्या टोपीतला) नग लावला तेव्हा कुठे पल्स सुरू झाली आणि तिने टेबलावरचा रेडिओ खरखरला, स्कोप चालू करायच्या आधीच.