पिटहोल 'एका रात्रीत' ओस पडलं नाही

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातलं पिटहोल म्हणजे तेल आटताच एका रात्रीत ओस पडलेलं गाव, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. जानेवारी 1865 मध्ये तिथं तेल लागलं, मेमध्ये प्लॉट पडले आणि सप्टेंबरपर्यंत वस्ती सुमारे 15 हजारांवर गेली. विहिरींचा उपसा पुढे घटला हे खरंच, आगींनीही गाव होरपळलं. पण 1865 च्याच ऑक्टोबरमध्ये सॅम्युएल व्हॅन सिकल या तेल व्यापाऱ्यानं टाकलेली तेलाची पाइपलाइन या गोष्टीतून कायम वगळली जाते, आणि मला तीच महत्त्वाची वाटते. चिखलातून पिंपं वाहणाऱ्या शेकडो गाडीवानांची रोजी तिनं हिरावली. चिडून त्यांनी ती फोडलीसुद्धा. लोक हळूहळू पांगले. 1870 च्या जनगणनेत उरले 237.