काळ्या कातळात वायूचा माग

कोकणात विहीर खणताना जांभा संपला की काळा कातळ लागतो. वर काढून टाकलेला त्याचा एखादा दगड नीट पाहा. वाटाण्याएवढ्या पोकळ्या आणि त्यांत गच्च बसलेले पांढरे स्फटिक बऱ्याचदा दिसतील. लाव्हा थिजताना अडकलेल्या बुडबुड्यांच्या या जागा. पुढे झिरपत्या पाण्यातून त्यांत झिओलाइट, कॅल्साइट ही खनिजं साचली. कॅल्साइट म्हणजे दगड होऊन बसलेला कार्बन डायऑक्साइडच! म्हणून तर धुराड्यांतला हा वायू अशा काळ्या कातळात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, जिरवण्याच्या कल्पनेकडे शास्त्रज्ञ आशेने पाहतात.

पण खाली सोडलेला वायू गेला कुठे, हे कळल्याशिवाय या कल्पनेला अर्थ नाही.

नॉर्वेजवळच्या समुद्रात स्लाइप्नर इथे १९९६ पासून वाळूच्या खडकात वायू साठवतात. तिथे ध्वनिलहरी खाली धाडून दर काही वर्षांनी त्याच जागेचं चित्र घेतात. वायू पसरलेल्या भागात लहरी मंदावतात. पण बेसॉल्टच्या थरांवर थर असतात, त्यांत लहरी विखुरतात. शिवाय वायू पाण्यात विरघळला, की लहरींना तो जवळजवळ दिसतच नाही.

आइसलंडच्या कार्बफिक्स प्रकल्पाने २०१२ मध्ये वेगळी युक्ती केली. सोडावॉटरसारखा पाण्यात विरघळवलेला वायू बेसॉल्टमध्ये सोडला आणि सोबत दोन खुणा दिल्या. एक, खडकाशी काहीच देणंघेणं नसलेलं सल्फर हेक्साफ्लोराइडसारखं रसायन; दुसरी, कार्बन-१४, म्हणजे कार्बनचाच किरणोत्सारी प्रकार. निरीक्षण विहिरीत पहिली खूण पोहोचली, दुसरी मात्र त्या मानाने नगण्य. म्हणजे कार्बन वाटेतच अडकला होता. दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त कार्बनचा दगड झाला, असा हिशेब निघाला. त्या विहिरीतला पंपही कॅल्साइट साचून बंद पडला होता. अर्थात वायू होता काहीशे टनच, हे विसरू नये.

कोकणात असा प्रयोग करायचा तर आधी इथल्या भेगा ओळखाव्या लागतील. उन्हेरे, तुरळ, राजवाडी इथली गरम पाण्याची कुंडं सांगतात, की पावसाचं पाणी खोल जाऊन तापून परत वर येतं. त्या वाटा वायूलाही मोकळ्या असू शकतात. त्यामुळे विहिरी, झरे आणि कुंडं यांच्या पाण्याची आम्लता आणि त्यातला कार्बन प्रयोगाच्या कितीतरी आधीपासून, मे महिन्यातही आणि भर पावसातही, मोजत राहायला हवा. पहिल्या सरीनंतर मातीतले जीवाणू स्वतःच भरपूर कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो गळती समजला जाऊ नये. मातीतल्या ताज्या कार्बनमध्ये कार्बन-१४ असतो. जयगडसारख्या कोळशावरच्या वीजप्रकल्पाच्या धुरात तो नसतो, कारण कोळसा कोट्यवधी वर्षांचा जुना, त्यातला कार्बन-१४ केव्हाच क्षय होऊन संपलेला. तेव्हा वायूत कार्बन-१४ ची खूण मिसळलेली नसेल आणि विहिरीत कार्बन वाढून कार्बन-१४ चं प्रमाण घटलं, तर पहिला संशय साठवलेल्या वायूवरच घ्यावा.