‘दुसरा गाल’ म्हणजे गप्प बसणं नव्हे

“खरा ख्रिस्ती माणूस अन्यायाविरुद्ध तक्रार करत नाही, देव बघून घेईल.” असा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. आधार दिला जातो बायबलमधल्या मत्तय 5:39 चा: उजव्या गालावर कोणी मारलं तर दुसराही पुढे कर. वचन खरं आहे. निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

पडताळणं सोपं आहे. योहान 18:22-23 उघडा. प्रमुख याजकाच्या चौकशीत एक शिपाई येशूला चपराक मारतो. येशू उलट हात उचलत नाही, पण मुकाट्यानं सोसतही नाही. माझं काही चुकलं असेल तर दाखव, नाहीतर मारलंस का, असं तो सरळ विचारतो.

मग प्रेषितांची कृत्ये 16:37. फिलिप्पै शहरात प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलेलं. अधिकारी त्यांना गुपचूप सोडू पाहतात, तर पौल म्हणतो, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. त्याच पुस्तकात 25:11 मध्ये तो थेट कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागतो. गंमत म्हणजे प्रभूनं ‘धीर धर’ असं सांगितल्यावर (23:11) हे अपील झालं आहे!

मनाई आहे ती सूड घेण्याला (पौलाचं रोमकरांस पत्र 12:19). त्याच पत्रात पुढे, 13:4 मध्ये, गुन्हेगाराला शिक्षा करणाऱ्या अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हटलं आहे.