झिप केल्यावर फोटो लहान का होत नाहीत?

झिप म्हणजे फाइल दाबून लहान करण्याची सोय. ‘झिप केली की कुठलीही फाइल निम्मी होते’ हा समज जुना आहे, पण चुकीचा. झिप शोधते ती पुनरावृत्ती. साध्या मजकुरात ‘महाराष्ट्र शासन’ शंभरदा आलं, तर दर वेळी ते न लिहिता ‘मागे अमुक ठिकाणी पाहा’ एवढी खूण ठेवते. फाइल झटकन आक्रसते. जेपेग (फोटो साठवायचा नेहमीचा प्रकार) फोटोत मात्र हे काम फोटो साठवतानाच उरकलेलं असतं. पिळलेल्या कपड्यातून आणखी किती पाणी निघणार? वर्डची डॉक्सएक्स फाइल तर आतून झिपच असते. तिची प्रत काढून नावाच्या शेवटी डॉक्सएक्सऐवजी झिप लिहा आणि उघडा, आतले फोल्डर दिसतील. मेलमधून फोटो जात नसेल, तर त्याची लांबी-रुंदी निम्मी करा. पिक्सेल, म्हणजे फोटोचे ठिपके, पावपट उरतात.