‘घरबसल्या केअर सर्टिफिकेट’: खुलासा

‘इंग्लंडचं केअर सर्टिफिकेट घरबसल्या ऑनलाइन करा, तिकडे नोकरी पक्की’ हा समज बरीच वर्षं फिरतो आहे. तो साफ चुकीचा आहे.

एप्रिल 2015 पासून लागू असलेलं हे प्रमाणपत्र म्हणजे तिथल्या नव्या काळजीवाहकांचं कामावरचं सुरुवातीचं प्रशिक्षण. व्हिडिओ पाहून फक्त माहितीचा भाग होतो. आजींना पलंगावरून खुर्चीत बसवताना त्यांना आधी सांगितलं का, चाकांना ब्रेक लावला का, अंगावरचं पांघरूण नीट ठेवलं का, हे प्रत्यक्ष कामात कुणीतरी पाहावं लागतं. ते पुण्यात बसून कोण पाहणार?

शिवाय कायद्याने ते सक्तीचं नाही. 2024 मध्ये आलेली काळजीवाहकांसाठीची ‘लेव्हल 2’ ही मान्यताप्राप्त पात्रता वेगळी. तिच्यासाठीचं सरकारी अर्थसाहाय्यही नोकरी देणाऱ्या संस्थेला मिळतं, उमेदवाराला नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं, कारण यात लोकांचे कष्टाचे पैसे बुडतात: 22 जुलै 2025 पासून ब्रिटनने परदेशातून नव्या काळजीवाहकांची भरतीच बंद केली आहे. या नोकरीच्या नावाखाली कुणी कोर्सची फी मागत असेल, तर एक रुपयाही देऊ नका.