अलिबागच्या वेधशाळेपासून समुद्राच्या रंगापर्यंत

पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवणाऱ्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेच्या इमारतींत लोखंडाचा खिळाही चालत नसे; बांधकामात धातू म्हणून तांबे आणि पितळच वापरलेले होते. मुंबईत विजेच्या ट्राम सुरू झाल्या की तिथल्या जुन्या कुलाबा वेधशाळेच्या नोंदी बिघडणार, हे ओळखून तिचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी १९०४ साली हे काम इथे हलवले. दुरूनच, स्पर्श न करता आणि शक्यतो काही न बिघडवता मोजायचे, ही शिस्त या वास्तूने कोकणात रुजवली. पुढे १९५९ साली कुलाबा-अलिबाग वेधशाळांचे संचालकपद ज्यांच्याकडे आले, त्या पी. आर. पिशारोटी यांनाच भारतीय सुदूर संवेदनाचे (रिमोट सेन्सिंगचे) जनक मानले जाते.

केरळात १९०९ साली जन्मलेले पिशारोटी हे मुळात मोसमी पावसाचे अभ्यासक होते. १९६२ साली पुण्यात स्थापन झालेल्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ते पहिले संचालक झाले आणि तिथून निवृत्त झाल्यावर अहमदाबादला गेले. त्यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग मात्र पावसाचा नव्हता, तो नारळाचा होता. केरळातील नारळबागांना मूळमर (रूट विल्ट) रोग पोखरत होता आणि झाड हातचे गेल्यावरच तो डोळ्यांना दिसत असे. १९७० साली हेलिकॉप्टरमधून, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश टिपणाऱ्या फिल्मवर या बागांची छायाचित्रे घेण्यात आली. निरोगी पान अवरक्त प्रकाश भरपूर परतवते, त्यामुळे या फिल्मवर ते लालभडक उमटते. रोगट झाडाची लाली मात्र फिकी पडते. आगरात वाढलेल्या माणसाला झावळ्या पाहून झाडाची प्रकृती कळते, पण इथे ती आकाशातून आणि त्याच्याही आधी कळत होती.

त्यानंतरची पायरी उपग्रहांची होती. ७ जून १९७९ रोजी सोडलेल्या ‘भास्कर-१’वर भूमीसाठी दूरचित्रवाणी कॅमेरे होते आणि समुद्र व हवेतील बाष्प यांसाठी ‘समीर’ नावाचा सूक्ष्मतरंग (मायक्रोवेव्ह) मोजणारा रेडिओमापक होता. म्हणजे भूमी आणि समुद्र सुरुवातीपासून एकाच यानावर होते, जरी पुढे त्यांचे अभ्यासक वेगवेगळे झाले. मार्च १९८८ मध्ये सोडलेला, भूमी पाहणारा आयआरएस-१ए हा उपग्रह त्याच जागेवर २२ दिवसांनी परत येत असे आणि मातीला तेवढे पुरते, कारण जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे पठार, तीन आठवड्यांत हलत नाही. समुद्र हलतो. म्हणून मे १९९९ मध्ये सोडलेल्या, समुद्र पाहणाऱ्या ओशनसॅट-१ या उपग्रहाला दर दोन दिवसांनी तीच जागा पाहता येईल अशी कक्षा देण्यात आली आणि १,४२० किलोमीटर रुंदीचा पट्टा एका फेरीत टिपणारा, आठ वर्णपट्ट्यांचा कॅमेरा त्याच्यावर बसवण्यात आला.

समुद्राचा रंग मोजणे हे वाटते त्यापेक्षा अवघड काम आहे. वनस्पतिप्लवकांतील, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या आणि माशांचे खाद्य असलेल्या सूक्ष्म वनस्पतींतील, हरितद्रव्य निळा प्रकाश शोषते आणि हिरवा परतवते. या दोहोंच्या प्रमाणावरून हरितद्रव्य किती हे काढतात. पण उपग्रहापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशातला सुमारे नव्वद टक्के भाग हवेतूनच आलेला असतो आणि तो आधी वजा करावा लागतो. कोकणात आणखी एक अडचण येते. पावसात बाणकोटला सावित्री आणि दाभोळला वाशिष्ठी तांबडी माती घेऊन समुद्राला मिळतात आणि त्या गढूळ पाण्यात गाळ कुठला व हरितद्रव्य कुठले हे साध्या सूत्राने वेगळे होत नाही. माती आणि समुद्र हे दोन विषय आहेत असे मानणारा अभ्यासक खाडीच्या मुखाशी हमखास फसतो, असे मला वाटते.

पृष्ठतापमान आणि हरितद्रव्य या दोन नकाशांतून संभाव्य मत्स्यक्षेत्राची सूचना तयार होते. १९९९ साली स्थापन झालेली हैदराबादची महासागर माहिती सेवा संस्था ती मराठीतही देते. बंदरापासूनची दिशा, अंतर आणि खोली तिच्यात असते. खोली मीटरमध्ये असली तरी तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, ती मनातल्या मनात वावांत करून घेतो. एक वाव म्हणजे साधारण सहा फूट.

या सगळ्याला खीळ घालतात ते ढग. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी संपून रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या होड्या निघतात, तेव्हा आकाश झाकलेलेच असते आणि रंग टिपणाऱ्या कॅमेऱ्याला खालचे काही दिसत नाही. सूचना द्यायला निरभ्र दिवस मिळेपर्यंत थांबावे लागते. भाताच्या खाचरांचीही तीच गत होते: माती सर्वांत जास्त बदलते ती नेमकी या महिन्यांत. म्हणूनच ढगांतून आरपार जाणाऱ्या सूक्ष्मतरंगांकडे अभ्यास वळला. कोरड्या मातीचा विद्युत-अपार्यता स्थिरांक (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचे माप) चारच्या आसपास असतो आणि पाण्याचा ऐंशीच्या, त्यामुळे ओलावा थोडा वाढला तरी परतणारा संकेत बदलतो. ३० जुलै २०२५ रोजी, ऐन पावसाळ्यात, श्रीहरिकोट्याहून निघालेल्या, नासा आणि इस्रोच्या निसार उपग्रहाचे दोन रडार याच फरकावर मातीतला ओलावा मोजतात आणि दर बारा दिवसांनी त्याच कक्षेवर परत येतात.