मानवी हक्क आयोगाची लघुपट स्पर्धा: पात्रता, कागदपत्रं आणि व्हिडिओ-ऑडिओची एकच फाइल

राष्ट्रीय मानवी हक्क आयोग २०१५ पासून लघुपट स्पर्धा घेतो. भारताचे नागरिक असलात की पुरे. वयाची अट नाही, प्रवेश शुल्क नाही. विषय अर्थातच मानवी हक्कांचा हवा: वेठबिगारी, बालमजुरी, स्त्रिया आणि मुलांचे हक्क, वृद्धांचे प्रश्न, अपंगांचे हक्क, हाताने मैला उपसणं, आरोग्यसेवा वगैरे. माहितीपट चालतो, खऱ्या घटनेवरचं नाट्य चालतं, काल्पनिक कथा आणि ॲनिमेशनही चालतं. गेल्या काही वर्षांत पहिलं बक्षीस २ लाख, दुसरं दीड लाख आणि तिसरं १ लाख रुपयांचं आहे.

लघुपट किमान ३ आणि कमाल १० मिनिटांचा असावा लागतो. भाषा इंग्रजी किंवा कोणतीही भारतीय. मराठीत केलात तर इंग्रजी सबटायटल हवेतच. लघुपट, भरलेला अर्ज आणि कागदपत्रं गूगल ड्राइव्हवरून पाठवायची असतात. मुदत, ईमेल पत्ता आणि अर्जाचा नमुना आयोगाच्या संकेतस्थळावरून त्या वर्षीचाच घ्या. मागच्या वर्षीचा फॉर्म व्हॉट्सॲपवर फिरत असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. एकाहून अधिक लघुपट असतील तर प्रत्येकाचा अर्ज वेगळा भरा.

कागदपत्रांची नेमकी यादी सूचनेत असते, पण काही गोष्टी आधीच जमवून ठेवलेल्या बऱ्या: ओळखपत्राची साक्षांकित प्रत, संगीत कुठून घेतलं त्याचा परवाना किंवा लेखी परवानगी, कॅमेऱ्यासमोर बोललेल्या माणसांची लेखी संमती आणि लहान मुलं असतील तर पालकांची सही. गाजलेल्या गाण्याचा तुकडा ‘फक्त वीस सेकंद’ म्हणून टाकला तरी तो परवानगीशिवायच टाकलेला असतो. त्यापेक्षा यूट्यूब ऑडिओ लायब्ररीतलं संगीत घ्या आणि परवान्याचं पान त्याच दिवशी जपून ठेवा.

आता फाइल. सूचनेत वेगळा फॉरमॅट सांगितला नसेल तर एमपी४ मध्ये एच.२६४ व्हिडिओ आणि एएसी ऑडिओ (चित्र आणि आवाज दाबून साठवायच्या पद्धती) ही जोडी सगळ्यात निर्धोक. कुठल्याही कम्प्युटरवर चालते. एमपी४ हा नुसता डबा आहे, आत काय भरलंय ते वेगळं. म्हणून फाइलच्या नावापुढचं एमओव्ही खोडून एमपी४ लिहिल्याने काहीही बदलत नाही. आयफोन बऱ्याचदा एचईव्हीसी या एच.२६४ नंतरच्या नव्या पद्धतीत शूट करतो आणि जुन्या कम्प्युटरवर तो व्हिडिओ अडखळतो किंवा नुसता आवाज येतो. शूटिंगआधीच कॅमेऱ्याच्या सेटिंगमधल्या फॉरमॅट्समध्ये जाऊन ‘मोस्ट कॉम्पॅटिबल’ निवडलं तर पुढचा व्याप वाचतो.

वेगवेगळे तुकडे जोडायला लॉसलेसकट हे सॉफ्टवेअर चांगलं आहे. ते चित्र पुन्हा एन्कोड करत नाही, म्हणजे नव्याने दाबत नाही, त्यामुळे दर्जा जसाच्या तसा राहतो आणि काम झटक्यात होतं. पण सगळे तुकडे एकाच कोडेकचे (दाबून साठवायच्या पद्धतीचे), एकाच रिझॉल्यूशनचे (चित्राच्या मापाचे), एकाच फ्रेम रेटचे (सेकंदाला जितकी चित्रं त्या आकड्याचे) हवेत. एक तुकडा आयफोनचा, दुसरा अँड्रॉइडचा, तिसरा कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेला असा मेळ असेल तर शॉटकट किंवा दाविंची रिझॉल्व्हसारख्या एडिटरमध्येच जोडा. व्हॉट्सॲपवर साध्या व्हिडिओसारखी आलेली क्लिप दाबून लहान केलेली असते, ती डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवा. हँडब्रेक हे फॉरमॅट बदलायचं साधन आहे. त्याच्याकडून जोडणीची अपेक्षा ठेवू नका.

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. एडिटरमध्ये दोन्ही आवाजांच्या आलेखात ती उंच सुळक्यासारखी दिसते. सुळक्याला सुळका लावला की काम झालं. मात्र शेवटचं मिनिट पाहिल्याशिवाय उठू नका. सुरुवातीला ओठ जुळतात आणि आठव्या मिनिटाला शब्द पुढे, तोंड मागे असं झालं, तर बहुधा मोबाइलने फ्रेम रेट कमीजास्त करत शूट केलेलं असतं. एडिटरमध्ये घेण्याआधी ती क्लिप हँडब्रेकमधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून काढा. रेट मूळ शूटिंगचाच ठेवा, ३० चा उगाच २५ करू नका. ऑडिओ सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा.

आणखी एक फसवी जागा म्हणजे लांबी. चित्र ९ मिनिटं ५५ सेकंदांना संपलं, पण पार्श्वसंगीताचं शेपूट टाइमलाइनवर दहा सेकंद पुढे राहिलं, तर एक्स्पोर्ट झालेली फाइल १० मिनिटं ५ सेकंदांची दिसते, शेवटी नुसता काळा पडदा. फाइलवरचा आकडा १० मिनिटांपुढे गेला की ‘चित्र तर आधीच संपलंय’ हे सांगायला तुम्ही तिथे नसता. श्रेयनामावली धरून पावणेदहा मिनिटांत आटोपा.

सबटायटल चित्रावरच छापा. वेगळी एसआरटी फाइल (सबटायटलचा मजकूर आणि वेळा असलेली) किंवा चालू-बंद करता येणारा ट्रॅक काही प्लेअरमध्ये आपोआप दिसतच नाही. हँडब्रेकमध्ये एसआरटी घेऊन ‘बर्न इन’वर टिक केली की प्रश्न मिटतो. मराठी श्रेयनामावली मात्र डोळ्यात तेल घालून तपासा. काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची वेलांटी आणि जोडाक्षरं तुटतात.

बालमजुरी किंवा अत्याचारावर काम करणाऱ्यांनी हे नीट वाचावं. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार चौकशी किंवा खटल्यातल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करता येत नाही. ओळख म्हणजे नुसता चेहरा नव्हे. नाव, पत्ता, शाळा, सगळंच. आपण चेहरा धूसर करतो, आवाज बदलून नवा ट्रॅक लावतो, पण व्हिडिओ-ऑडिओ जोडताना कॅमेऱ्याचा मूळ ट्रॅक तसाच राहिला, तर फाइलमध्ये दुसरा ट्रॅक म्हणून मुलाचा खरा आवाज शाबूत असतो. व्हीएलसी या प्लेअरच्या ऑडिओ मेनूत जाऊन ट्रॅक मोजा. एकच दिसला पाहिजे.

दहा मिनिटांचा व्हिडिओ १० एमबीपीएसने (सेकंदाला १० मेगाबिट) काढला तर सुमारे ७५० एमबी होतो, म्हणजे ईमेलच्या २५ एमबीत बसायचा प्रश्नच नाही. गूगलची फुकट जागा १५ जीबी, तीही जीमेल आणि फोटोंमध्ये वाटलेली, तेव्हा आधी जागा रिकामी करा. फुकट ऑनलाइन कन्व्हर्टरवर पूर्ण लघुपट चढवायच्या मी तरी विरोधात आहे. अप्रकाशित काम अनोळखी सर्व्हरवर का ठेवायचं? शिवाय कित्येकदा कोपऱ्यात त्यांचा शिक्का उमटतो.

ड्राइव्हवर चढवल्यावर ‘लिंक असलेले कोणीही’ पाहू शकतील अशी परवानगी द्या. मग ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता, ती लिंक उघडा. ‘ॲक्सेस मागा’ असं आलं तर परीक्षकांनाही तेच दिसणार. लिंक पाठवल्यानंतर फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवू नका, काढून नवी चढवू नका. पाठवलेला ईमेल आणि एडिटिंगचा मूळ प्रोजेक्ट निकाल लागेपर्यंत पुसू नका.